बिनराखणीचं आढं

आमच्या ओबरलोहनमध्ये कोर्बिनियन हास्लिंगरला बघून लोक घड्याळ लावतात, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. मुकादम म्हणून त्यानं जी इमारत हातात घेतली ती ठरल्या दिवशी उभी राहिली. पावसानं धरलं, सिमेंटची गाडी घाटात अडकली, गवंड्याच्या बायकोला जुळं झालं, तरी कोर्बिनियनची तारीख हलली नाही. गावाला त्याचं कौतुक होतं आणि थोडा जाचही, कारण असा माणूस रोजच्या जगण्यात सोयीचा नसतो. रविवारी बाराला जेवायला बोलावलं तर तो बाराला दारात उभा असतो, आणि घरातल्या बाईचे केस अजून ओले असतात.

त्या वसंतात तो गावासाठी अग्निशमन दलाची नवी इमारत बांधत होता. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत भिंतभर वेळापत्रक लावलेलं होतं. पाया, भिंती, मग छपराचा सांगाडा, मग कौलं. पण त्याच्या डोक्यात दुसरंही एक वेळापत्रक होतं. ते कुठं लावलेलं नव्हतं आणि तरी सगळ्या गावाला पाठ होतं. त्यात एकच ओळ होती, ती म्हणजे आफ्रा घरी येण्याचा दिवस.

आफ्रा त्याची एकुलती एक मुलगी, बापासारखीच सुतार. काम शिकून झाल्यावर ती सुतारांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे फिरस्तीला निघाली होती. काळे मखमली कपडे, रुंद काठाची हॅट, हातात काठी, पाठीवर गाठोडं. मिळेल तिथं काम करायचं, मिळेल तिथं झोपायचं, जवळ फोन ठेवायचा नाही. तीन वर्षं आणि एक दिवस होईपर्यंत घरी परतायचं नाही, आणि घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊलही टाकायचं नाही. त्या हद्दीला आमच्याकडचे सुतार वेस म्हणतात. घरी कुणी अगदी शेवटच्या घटका मोजत असेल तरच वेस ओलांडायची मुभा.

ती निघाली त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावरच्या नावाच्या पाटीपाशी जमलं होतं. तिनं पाटीच्या बुडाशी खड्डा करून बापानं गाळलेल्या प्लमच्या दारूची बाटली पुरली. ती परत आल्यावर उकरायची असते. मग ती पाटीवर चढली. चढण्याआधी कोर्बिनियन तिला म्हणाला, "येशील तेव्हा तुझ्यासाठी एक छप्पर राखून ठेवतो. शेवटचा खिळा तू मारायचास."

"बाबा, तू राखून ठेवणार?" ती हसली. "तुझी छपरं कुणासाठी थांबली आहेत कधी?"

आणि तिनं पलीकडे उडी मारली. जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. कोर्बिनियनला हे ठाऊक होतं. तरी वळणावर हॅट दिसेनाशी होईपर्यंत तो तिथं उभा राहिला, चुकून बघितलंच तर समोर कुणीतरी असावं म्हणून.

त्यानंतर त्याला तिची आठवण आली नाही असा दिवस गेला नाही. बुर्गीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो सांगायचा की कामात कुठलं काय आठवतंय. साफ खोटं. साइटवरून घरी यायला चर्चमागची वाट जवळची असताना तो पाटीवरून लांबचा वळसा घालायचा. गाडीतून उतरून बाटलीवरची माती पायानं दाबून बघायचा. पाटी जरा कलली होती, ती त्यानं एकदा ओळंबा लावून सरळ केली, तेव्हा रस्ते खात्याच्या माणसानं त्याला हटकलं होतं. अवजारांच्या खोलीत तिच्या हातोड्याची खुंटी रिकामी होती. तिच्यावर दुसरं काही अडकवलं की तो ते नुसतं काढून ठेवायचा.

आफ्रा अधूनमधून कुणाच्या तरी फोनवरून घरी बोलायची. तेव्हा हा नेमका साइटवर असायचा. बुर्गी संध्याकाळी सांगायची, "तुझी चौकशी करत होती," आणि तेवढ्यावर त्याला आठवडा काढावा लागायचा. भेटायला जायला आईबापांना बंदी नसते. बाकीचे जातात, डबे घेऊन जातात. हा गेला नाही. एकदा बिअर जरा जास्त झाल्यावर त्यानं विटुसला, त्याच्या टोळीतल्या सगळ्यात जुन्या सुताराला सांगितलं, "गेलो तर येताना तिला तिथं ठेवून यावं लागेल. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

अग्निशमन दलाची इमारत यंदाच बांधायची, हे ग्रामसभेत रेटून धरलं ते त्यानंच. त्याचा हिशोब पक्का होता. यंदा मार्चला सुरुवात केली की आफ्रा येईल त्याच शनिवार-रविवारच्या सुमाराला आढं चढणार. पण नशीब बघा, त्या हिवाळ्यात बर्फच पडलं नाही. पाया लवकर झाला, भिंती लवकर वाळल्या, लाकूडही लवकर मिळालं. रेंगाळणं त्याला जमलं असतं तर प्रश्नच नव्हता. एका सोमवारी त्यानं टोळीला सांगितलं की आज सावकाश करू या, आणि दहाच्या सुट्टीत ब्रेत्सेल-पाव खायची वेळ व्हायच्या आत स्वतःच शिडीवर चढून ओरडायला लागला, "कुणाची वाट बघताय?" माणसाचा हात एकदा असा वळला की वळला.

शेवटी आढं चढवायचा दिवस ठरला तो आफ्रा यायच्या आधीच्या आठवड्यातला शुक्रवार. निमंत्रणं गेली, वाजंत्री ठरली. कोर्बिनियन महापौराकडे गेला. महापौर म्हणजे लेओनहार्ड आयग्नर, पंचवीस गाई बाळगून गावही बाळगणारा माणूस. तो गोठ्यातच होता.

"दहा दिवस पुढं ढकलू या," कोर्बिनियन म्हणाला.

"का? लाकूड ओलं आहे?"

"नाही."

"माणसं कमी पडतायत?"

"नाही."

"मग तुला ताप आलाय. हात बघू." लेओनहार्डनं बादली खाली ठेवली. "अरे, क्रेन शुक्रवारपर्यंतच आहे आपल्याकडे. मग ती तलावापलीकडे जाणार. सोमवारी कौलवाले येणार. ते एकदा हुकले की पानगळीपर्यंत तोंड दाखवत नाहीत, आणि तोवर सांगाडा पावसात कुजत बसतो. हे मला कुणी शिकवलं? तूच."

"मीच."

लेओनहार्ड त्याच्याकडे बघत राहिला. "आफ्रासाठी म्हणतोयस का?"

"छे."

"कोर्बी, आफ्रासाठी म्हणत असशील तर तसं सांग. सभेत विषय ठेवतो. सगळे हो म्हणतील."

कोर्बिनियनला नेमकं हेच नको होतं. सगळ्या गावानं आपल्या मुलीसाठी हात वर करायचे, गावाच्या इमारतीत पाणी झिरपायचा धोका पत्करायचा, आणि तेही आपल्या नावावर. तो म्हणाला, "शुक्रवार म्हणजे शुक्रवार," आणि गोठ्यातून बाहेर पडला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. आमच्या बाजूला आढं चढवायच्या आधी ते चोरतात. शेजारच्या गावची पोरं रात्री येतात आणि आख्खं आढं उचलून नेतात. त्याला चोरी म्हणत नाहीत, पोलिसांना बोलावत नाहीत. चोरांना बिअर आणि जेवण देऊन ते सोडवून आणायचं, आणि मग त्याच चोरांनी ते वाजतगाजत पोचवायचं. मात्र आढ्यावर कुणी राखणीला असेल आणि त्यानं लाकडावर हात ठेवला, तर चोरांनी मुकाट्यानं निघून जायचं. म्हणून आढं आलं की मुकादम त्याच्या शेजारी गाडी लावून झोपतो. कोर्बिनियन इतकी वर्षं झोपत आला होता. उंटरलोहनच्या पोरांनी बापांपासून मुलांपर्यंत प्रयत्न करून पाहिले, पण त्याचं आढं कुणाला मिळालं नव्हतं.

बुधवारी दुपारी आढं आलं. लांबलचक, सरळ, स्प्रूसचं, बघत राहावं असं. कोर्बिनियननं त्याच्यावरून हात फिरवला. टोकं त्यानं सरळ कापून घेतली होती. आमच्याकडे आढ्याचं भिंतीबाहेर येणारं टोक कोरतात, पण गावाच्या वेळापत्रकात कोरीवकाम बसत नव्हतं. संध्याकाळी टोळी घरी गेली. विटुसनं विचारलं, "पांघरूण आणलंस ना? रात्री गार पडेल." कोर्बिनियन म्हणाला, "हो हो." आणि विटुस दिसेनासा झाल्यावर तो गाडीत बसला आणि घरी गेला.

बुर्गी सूप ढवळत होती. तिनं मान वर केली. "तू इथं कसा?"

"भूक लागली."

"आढं?"

"आहे तिथं."

"कोण आहे राखणीला?"

"आहे ना," तो म्हणाला आणि पाव तोडायला लागला. त्याचा मनसुबा असा होता की उंटरलोहनची पोरं आढं नेतील. मग सौदा करायचा तो त्यानंच. बिअरची दोन खोकी मागतील, हा एक म्हणेल. ते चिडतील, हा अडून बसेल. असे दहा-बारा दिवस काढायचे. क्रेनवाल्याशी तो स्वतः बोलणार होता, कौलवाल्यांच्या हातापाया पडायचीही तयारी होती. आयुष्यात पहिल्यांदा इमारत लांबणार होती आणि दोष चोरांचा असणार होता. सांगाड्यावर पाऊस पडताना त्याला आत्तापासून दिसत होता. तरी तो उठून साइटवर गेला नाही. आफ्रा त्या आढ्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसली आहे आणि हातोडा उचलते आहे, हे त्यानं इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की ते आता झाल्यातच जमा होतं.

बुर्गीनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. जेवण झाल्यावर ती शेजारणीकडे अंडी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही. अंडी घरात होती.

गुरुवारी सकाळी आढं गेलेलं होतं. टोळी रिकाम्या ठोकळ्यांभोवती उभी होती. विटुसनं टोपी काढली. "कोर्बी, तू मेलास की काय असं वाटलं मला. म्हटलं, जिवंत असता तर हे झालं नसतं."

"झोप लागली," कोर्बिनियन म्हणाला.

"कुठं? घरी?"

बाकीचे हसले, पण जपून. विटुस हसला नाही. लेओनहार्ड ट्रॅक्टरवरून आला तो थेट उंटरलोहनला फोन लावतच. तिकडची पोरं शपथा घ्यायला लागली. आम्ही नाही, देवाशप्पथ आम्ही नाही. इतकी वर्षं टपून बसलो आणि बिनराखणीचं ठेवलं तेव्हा आम्हाला कुणी सांगूही नये, म्हणून ती उलट रुसली. मग मात्र कोर्बिनियन ठोकळ्यांभोवती चाकांच्या खुणा शोधायला लागला. चोर ओळखीचे असले तर सौदा. अनोळखी असले तर खरंच गेलं.

दहाच्या सुमाराला लेओनहार्डचा फोन वाजला. तो ऐकत गेला आणि त्याच्या भुवया वर जात राहिल्या. "उत्तरेकडचा कुणीतरी आहे," तो फोन झाकून म्हणाला. "बोलणं निम्मं कळत नाही. आढं त्यांच्याकडे आहे. दोन खोकी बिअर, भाजलेलं डुक्कर, आणि..." तो परत ऐकायला लागला. "आणि बुर्गीच्या हातचे प्लमचे पाव, एक घमेलंभर. सोडवायला मुकादमानं स्वतः यायचं. तरच देणार."

"कुठं?" विटुसनं विचारलं.

"हिंटरम्यूलेला. लाकडाच्या गिरणीवर."

हिंटरम्यूले कोर्बिनियनला पाठ होतं, जरी तो तिथं कधी गेला नव्हता. आफ्रा निघाली त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून कंपासनं गोल काढला होता. त्या बाजूला गोल जिथून जातो तिथं एक ओढा आहे, टीफनबाख, त्याच्यावर लाकडी पूल, आणि पुलापलीकडे लगेच हिंटरम्यूले.

तो घरी आला तेव्हा प्लमचे पाव भट्टीतून निघालेले होते. घमेलंभर. बुर्गी फडक्यानं झाकत होती.

"तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"नीट शर्ट घाल," ती म्हणाली. "आणि तिचं ऐकून घे. मध्ये बोलू नकोस."

"तू नाही येत?"

"मी गेल्या महिन्यात जाऊन आले." मग ती म्हणाली, "आणि त्याच्या आधीही. तुला सांगितलं असतं तर तू दोन दिवस जेवला नसतास."

लांब लाकडं वाहायच्या गाडीत घमेलं आणि बिअरची खोकी घालून तो आणि विटुस निघाले. विटुसनं रस्ताभर एकच गोष्ट बोलून दाखवली, की आरशात बघून केस विंचरणारा मुकादम त्यानं पहिल्यांदा पाहिला. कोर्बिनियननं कंगवा खिशात टाकला. पूल आला, गाडीखाली फळ्या खडखडल्या, आणि लगेच गिरणीचं अंगण.

काळ्या मखमली कपड्यातले तिघं-चौघं फिरस्ते सुतार अंगणात उभे होते. मध्ये ठोकळ्यांवर आढं. आणि आढ्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून आफ्रा.

ती रोडावली होती आणि खांदे रुंद झाले होते. कानात बाळी. हॅट मागं सरकवलेली. कोर्बिनियन गाडीतून उतरला आणि त्याला पुढं काय करायचं ते कळेना. तो आढ्यापाशी गेला आणि त्यानं लाकडावर हात ठेवला.

"उशीर झाला, बाबा," आफ्रा म्हणाली. "हात काल ठेवायचा होतास."

मग ती खाली उतरली आणि त्यानं तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला भुश्शाचा आणि परक्या साबणाचा वास येत होता. तो बराच वेळ सोडेना, तेव्हा उत्तरेकडच्या त्या पोरानं, योरिननं, बिअरची खोकी मोजल्यासारखं केलं आणि विटुसला डुकराबद्दल विचारायला लागला.

"ये, दाखवते," आफ्रा म्हणाली आणि त्याला आढ्याच्या टोकाकडे घेऊन गेली.

सरळ कापलेलं टोक आता सरळ नव्हतं. रात्री सोबत्यांनी आढं गिरणीच्या गाडीवरून आणल्यावर पहाटेपासून तिनं ते कोरलं होतं. खालून वळत आलेली एक गोलाई, मग खाच, मग दुसरी लहान गोलाई, आणि कडेनं पाण्याच्या लाटेसारखी एक रेघ. ती रेघ आमच्याकडची नव्हती. कोर्बिनियननं अंगठा फिरवला. कुठं अडकला नाही.

"ही रेघ कुठली?"

"नॉर्वेची. एका म्हाताऱ्याकडे शिकले. चर्चचं छप्पर होतं."

"पटाशी धारदार ठेवतेस."

"तूच ठेवायला लावायचास."

त्याला खूप बोलायचं होतं. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी, तू येशील ना, तोवर हे खाली ठेवू आपण. मी लेओनहार्डशी बोलतो. आढं मिळालंच नाही म्हणून सांगतो. तू आलीस की चढवू."

आफ्रानं हॅट काढली आणि आढ्यावर ठेवली. "म्हणजे तू मुद्दाम सोडून गेलास. आई म्हणाली तेव्हा मला पटलं नव्हतं."

"मी तुला शब्द दिला होता."

"बाबा, मी रविवारी येत नाहीये."

बुर्गीनं सांगितलं होतं मध्ये बोलू नकोस, म्हणून तो गप्प राहिला.

"त्या म्हाताऱ्यानं परत बोलावलंय. वरच्या दरीत तसलीच तीन छपरं आहेत. त्याच्यानंतर ते काम येणारं कुणी नाही. किती दिवस लागतील ते त्यालाही माहीत नाही. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला तूच सांग, तोंडावर. आणि तू तर बोलावून येत नाहीस. आढ्यासाठी येशील, एवढं माहीत होतं."

"तीन वर्षं आणि एक दिवस," कोर्बिनियन म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लहान मुलासारखा वाटला.

"त्याच्या आधी यायचं नाही, एवढीच रीत आहे. कधी यायचंच, असं रीतीत कुठं आहे?"

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडच्या कुठल्या सुताराला माहीत नसतं? पण तो पडला मुकादम. तारीख दिसली की काम त्या दिवशी पुरं होणार, हे त्याच्या रक्तात मुरलेलं. लेक कधी येऊ शकते तो दिवस त्यानं लेक येण्याचा दिवस म्हणून धरला आणि तीन वर्षं त्याच्या आधारावर काढली. इतकी साधी चूक त्याच्या हाताखालच्या कुणी केली असती तर त्यानं त्याला शिडीवरून खाली उतरवलं असतं.

"तुला घरी यावंसं वाटत नाही का?" त्यानं विचारलं.

"रोज वाटतं," आफ्रा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "ओझ्यासारखं वाटतं. तुझ्या हातचं सूपसुद्धा आठवतं, आणि ते किती वाईट असतं. पण मी जिच्यासाठी निघाले ती गोष्ट आत्ता कुठं हाताला लागायला लागलीय. आत्ता परत आले तर तुझ्या टोळीत एक चांगली सुतार होईन. बस."

विटुसनं लांबूनच खाकरून सांगितलं की चारच्या आत परतायला हवं, आढं उतरवायला क्रेनवाला थांबलाय. आफ्रानं नाक पुसलं. "उद्या चढव, बाबा. ठरल्या दिवशी. माझ्यामुळं तुझी इमारत रखडली, हे मी तिकडे कुणाला सांगणार?"

सगळ्यांनी मिळून आढं गाडीवर चढवलं आणि साखळ्या आवळल्या. रीतीप्रमाणे चोरांनी आढं पोचवायचं असतं. म्हणून ते सगळे काळे कपडे गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले, आणि विटुसनं गाडी चालण्याच्या वेगानं काढली. कोर्बिनियन आत बसला नाही. तो आफ्राच्या बाजूनं चालत होता. तिचा एक हात आढ्यावर होता. योरिननं तोंडानंच बँड वाजवला, आणि तो इतका बेसूर होता की विटुसनं खिडकीची काच वर केली.

पुलाच्या अलीकडे आफ्रा थांबली. बाकीचे परक्या गावचे, त्यांना वेस नव्हती. ते पुढं गेले, पुलापलीकडे ते गाडीवर चढणार होते. तिनं आढ्यावरचा हात काढला आणि गाडी तिच्यापुढून सरकत पुलावर चढली.

कोर्बिनियननं हात वर करून विटुसला थांबवलं. गाडी थांबली. पुलाची सगळी लांबी त्या आढ्यानं भरून गेली होती, आणि कोरलेलं टोक अजून या काठावर, आफ्राच्या छातीपाशी होतं.

"एक पाऊल," कोर्बिनियन म्हणाला. "पुलाच्या मध्यापर्यंत. इथं कोण बघतंय?"

"तू बघतोयस," आफ्रा म्हणाली.

मग त्यानं गाडीतून घमेलं काढलं आणि पुलाच्या कठड्यापाशी, वेशीच्या तिच्या बाजूला, खाली बसला. ती त्याच्याशेजारी बसली. पाव अजून कोमट होते. आतला प्लम तिच्या हनुवटीवर ओघळला, तेव्हा त्यानं तिच्या लहानपणी पुसायचा तसा अंगठ्यानं पुसला. विटुसनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्या दोघांकडे, आणि गाडीची चावी फिरवून इंजिन बंद केलं. ते कितीतरी वेळ तिथं बसले होते. काय बोलले ते विटुसला ऐकू आलं नाही. विचारलं तर तो सांगतो की पटाशांबद्दल बोलत असावेत.

साइटवर पोचायला संध्याकाळ झाली. क्रेनवाला वैतागला होता. "हास्लिंगर, तुम्हाला उशीर?" एवढंच तो म्हणाला. कोर्बिनियननं सांगितलं, "झाला खरा," आणि घरून पांघरूण मागवून तो आढ्याशेजारी गाडीत झोपला.

शुक्रवारी ऊन होतं. आढं वर गेलं आणि खाचेत बसलं ते इतकं बरोबर की खाली टाळ्या पडल्या. कोरलेलं टोक रस्त्याकडे आलं. शेंड्याला रिबिनींचं फरचं झाड बांधलं, वाजंत्री वाजली, विटुसनं वरून आशीर्वादाच्या ओळी म्हटल्या, ग्लास रिकामा केला आणि फेकून फोडला. मग रिवाजाप्रमाणे शेवटचा खिळा मारायला महापौर शिडीवरून वर आला. घाबरत, दोन्ही हातांनी धरत. कोर्बिनियननं त्याच्या हातात हातोडा दिला आणि एक खिळा दाखवला. लेओनहार्डचे पहिले दोन घाव लाकडावर बसले. खालून त्याच्या गाईंवरून विनोद झाले. शेवटी खिळा आत गेला.

"झालं," लेओनहार्ड घाम पुसत म्हणाला. मग त्याला दिसलं की आढ्याच्या कोरलेल्या टोकाच्या वर, कौलांच्या आड येणार नाही अशा जागी, आणखी एक खिळा नुसता टोचून ठेवला आहे. अर्धा बाहेर. "हा राहिला की."

"तो राहू दे."

"म्हणजे मी मारला तो शेवटचा नव्हताच?"

"शेवटून दुसरा."

लेओनहार्डनं त्या खिळ्याकडे आणि लाटेच्या त्या रेघेकडे बघितलं. बुर्गी खाली शिडीपाशी उभी होती, डोळ्यांवर हात धरून, वर बघत. लेओनहार्डला उमगलं. तरी तो महापौर होता, त्याला काम पुरं झाल्याचं जिल्ह्याच्या कचेरीत कळवायचं होतं.

"कळवताना काय म्हणू मी? ते काम कधी पुरं होणार?" त्यानं हळूच विचारलं. "तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला तारीख असते."

कोर्बिनियन एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून आढ्यावर बसला होता. तिथून गावाबाहेरची पाटी दिसते, आणि पाटीपलीकडचा रस्ता वळणापर्यंत दिसतो. तो तिकडेच बघत होता.

"याला तारीख घालू नकोस," तो म्हणाला.